गंजाखालची अक्षरे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लग्नाचा अल्बम उघडला की पानापानावर नवरा-नवरी दिसतात. पहाटे चारला उठून भट्टी पेटवणारा आचारी, पाण्याची पिंपे भरणारी माणसे, वऱ्हाडाची ने-आण करणारा ड्रायव्हर मात्र एकाही फोटोत नसतो. लढाऊ विमानांचेही असेच आहे. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन हवाई दल म्हटले, की मेसरश्मिट, युंकर्स, हाइन्केल ही विमानांची नावे पुढे येतात. त्यांच्यावर ग्रंथ आहेत, चित्रपट आहेत. पण लढाऊ विमान आकाशात असते तास-दोन तास. उरलेला सारा वेळ ते जमिनीवर असते. तिथे त्याला इंधन पाजायला, ओढून न्यायला, त्याचे इंजिन सुरू करून द्यायला, आग लागली तर विझवायला वाहनांचा मोठा कबिला राबत असतो. आज आपण बोलणार आहोत ते या राबणाऱ्या वाहनांविषयी. खरे तर त्यांच्या उरलेल्या सुट्या भागांविषयी.

सुटे भागच का? तर अख्खी वाहने फारशी उरलीच नाहीत म्हणून. १९४५ साली जर्मनी हरला. त्याची बहुतेक विमाने मोडीत निघाली. मोजकी काही विजेत्यांनी अभ्यासासाठी नेली आणि त्यांतली काही पुढे संग्रहालयांत पोचली. वाहनांचे नशीब निराळे. युरोपात तेव्हा रेल्वेमार्ग आणि पूल उद्ध्वस्त झालेले, गाड्यांची भयंकर टंचाई. चालता ट्रक म्हणजे सोने! इंधनाची टाकी उतरवायची, फळ्यांचा हौदा चढवायचा आणि बटाटे, कोळसा, विटा वाहायला गाडी मोकळी. ती थकली की तिचा डायनॅमो दुसऱ्या गाडीला, चाके बैलगाडीवजा ट्रॉलीला, दिवा गोठ्यात. म्हणून आज एखाद्या जर्मन शेतघराच्या कोपऱ्यात किंवा जुन्या बाजारात हाती लागतो तो गंजाने फुगलेला एक गोळा. तो कशाचा, कधीचा, कोणी केलेला, हे ओळखणे ही पहिली पायरी. तो पुन्हा उभा करणे ही दुसरी. बहुतेक नवशिके गडबड करतात ती इथेच. ते दुसरी पायरी आधी चढतात. वस्तू हातात आली की तारेचा ब्रश घेऊन घासायला बसतात, आणि जे वाचायचे तेच घासून टाकतात.

कबिल्याची ओळख

या वाहनांची आधी थोडी तोंडओळख करून घेऊ. सगळ्यांत ओळखीचा म्हणजे ओपेल कंपनीचा ‘ब्लिट्झ’ हा तीन टनी ट्रक. ब्लिट्झ म्हणजे वीज. त्याच्या पाठीवर टाकी आणि पंप बसवला की तो विमानांना इंधन भरणारा टँकर व्हायचा. विमाने ओढायला हानोमाग आणि लान्झ या कंपन्यांचे ट्रॅक्टर असत. अधिकारी आणि वैमानिक यांची धावपळ फोक्सवॅगनच्या उघड्या ‘क्युबेलवागन’मधून चाले. हवाई दलाच्या गाड्यांची नंबर प्लेट ‘डब्ल्यू एल’ या दोन अक्षरांनी सुरू होई. भूदलाच्या गाडीची ‘डब्ल्यू एच’ने.

सर्वांत मजेशीर म्हणजे ‘केटनक्राड’. पुढून मोटारसायकल, मागून रणगाडा! पुढे एक चाक आणि हँडल, मागे दोन्ही बाजूंना साखळपट्टे. नेकार्सउल्म गावच्या एनएसयू या मोटारसायकलींच्या कारखान्याने ते बनवले. युद्धाच्या अखेरीस हे छोटे वाहन चक्क मेसरश्मिट २६२ या जेट विमानाला ओढत धावपट्टीपर्यंत नेऊ लागले. कारण साधे होते. इंधनाचा दुष्काळ, आणि त्या जेट इंजिनांचे आयुष्य जेमतेम दहा ते पंचवीस तासांचे. त्यातली मिनिटे जमिनीवर फिरण्यात कोण घालवणार?

त्याहून विचित्र होता तीन चाकी ‘शोइश’ ट्रॅक्टर. मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान उडताना आपली चाके खाली टाकून द्यायचे आणि उतरताना पोटाखालच्या पट्टीवर घसरत यायचे. थांबले की मैदानात जागच्या जागी बसून राहायचे. चाकेच नाहीत, तर हलणार कसे? त्याला उचलून परत आणण्यासाठी हा खास ट्रॅक्टर होता. अशा वाहनाचा उचलदांडा भंगारात सापडला, तर हे विमान ज्याला ठाऊक नाही त्याला तो नांगराचा तुकडाच वाटेल.

इथे ओळखीचा पहिला नियम निघतो. भाग काय काम करत होता, हे आधी विचारावे. एक उदाहरण देतो. जर्मन लष्करी गाड्यांच्या मागे एक छोटा दिवा असे. त्याला बारीक चौकोनी अशा चार खिडक्या. एका दिव्याला चार खिडक्या कशाला? रात्री बॉम्बफेकीच्या भीतीने मोठे दिवे लावायची सोय नव्हती. गाड्यांचा तांडा अंधारात चालायचा. मागच्या ड्रायव्हरला त्या चार खिडक्या लांबून एकच ठिपका दिसत. जवळ आल्यावर दोन. फारच जवळ आल्यावर चार. दोन ठिपके दिसत राहिले म्हणजे अंतर बरोबर. एक दिसला तर मागे पडलास, चार दिसले तर धडकशील! माणसाच्या डोळ्याच्या मर्यादेचाच इथे मोजपट्टीसारखा उपयोग केलेला आहे. हे कळल्यावर त्या गंजक्या डबीकडे पुन्हा पाहा. ती वेगळीच वाटते.

अक्षरे आणि आकडे

काम कळले, आता नाव-गाव. युद्धाआधी जर्मनीत ट्रकचे शंभराहून अधिक प्रकार बनत. इतक्या प्रकारांचे सुटे भाग सैन्याने साठवायचे तरी कसे? १९३८च्या नोव्हेंबरमध्ये आडोल्फ फॉन शेल या लष्करी अधिकाऱ्याकडे हे काम आले आणि त्याने ट्रकचे प्रकार १९वर आणण्याची योजना केली. त्यामुळे एकच भाग अनेक गाड्यांत आढळतो. केटनक्राडचे उदाहरण घ्या. त्याचे दीड लिटरचे, ३६ अश्वशक्तीचे इंजिन मुळात ओपेलच्या ‘ऑलिंपिया’ या घरगुती मोटारीचे. म्हणजे असे इंजिन सापडले म्हणून ते विमानतळावरचेच, असे म्हणता येत नाही.

उलटही घडते. १९४४च्या ऑगस्टमध्ये ब्रांडेनबुर्गचा ओपेल कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. पण ब्लिट्झ ट्रक तेव्हा मानहाइमलाही बनू लागला होता. कोणाच्या कारखान्यात? तर मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझच्या! दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाला दुसऱ्याचा ट्रक बनवण्याचा सरकारी हुकूम झाला होता. हे उत्पादन युद्धानंतरही काही वर्षे चालू राहिले. तेव्हा ब्लिट्झचा भाग, पण त्यावर ओपेलची खूण नाही, म्हणून तो नकली ठरवून फेकून देऊ नये. उत्तर बहुधा पट्टीवर कोरलेल्या अक्षरांत असते.

ही अक्षरे वाचायची कशी? बॉश कंपनीच्या विजेच्या सामानापासून सुरुवात करणे सोपे. बॉश आपल्याला परके नाही. नाशिकला ‘मायको’ म्हणून सगळे ज्या कारखान्याला ओळखत आले, तो याच घराण्याचा, आणि तिथल्या चौकाला लोक अजूनही मायको सर्कलच म्हणतात. तर, फोक्सवॅगनच्या जुन्या डायनॅमोवर ‘आर ई डी १३०/६ २६००’ असे लिहिलेले असते. अक्षरे सांगतात डायनॅमोचा प्रकार. १३० म्हणजे वॅट, ६ म्हणजे व्होल्ट, २६०० म्हणजे मिनिटाला फेरे. स्टार्टरवर ‘ई ई डी ०.४/६’ दिसले तर तो ०.४ अश्वशक्तीचा, ६ व्होल्टचा. ‘४/२४’ दिसले तर चार अश्वशक्ती आणि २४ व्होल्ट. म्हणजे हा भाग मोटारीचा नव्हे, मोठ्या डिझेल इंजिनाचा असणार. एका ओळीत अर्धी ओळख पटली.

नट-बोल्टसुद्धा बोलतात. बोल्टच्या डोक्यावर ‘८ जी’ किंवा ‘१० के’ असे उठावाचे ठसे असतील, तर ती पोलादाची ताकद सांगणारी जुनी जर्मन पद्धत. आज त्याच ताकदीच्या बोल्टवर ८.८ आणि १०.९ असे लिहितात. आणखी एक गंमत आपल्या गॅरेजवाल्यांना लगेच कळेल. आठ मिलिमीटरच्या आजच्या बोल्टला तेरा नंबरचा पाना लागतो. त्या काळच्या जर्मन बोल्टला चौदा नंबरचा. गाडीत मधेच एक तेराचा बोल्ट आढळला, की समजावे, इथे नंतर कोणाचा तरी हात लागला आहे.

हवाई दलाच्या उपकरणांवर ‘एफ एल’ ही अक्षरे आणि पाठोपाठ पाच आकडी क्रमांक असतो. हा हवाई दलाच्या भांडाराचा मागणी क्रमांक. वैमानिक दलातल्या निरीक्षकांची मोठी मनगटी घड्याळे वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवली, पण सर्वांवर क्रमांक एकच, ‘एफ एल २३८८३’. बनवणारा कोणीही असो, भांडाराच्या दृष्टीने वस्तू एक.

पोलादावर गरुडाचा बारीक ठसा आणि त्याखाली आकडा असेल, तर तो लष्करी तपासनिसाचा. शेवटी येतो सांकेतिक अक्षरांचा प्रकार. १९४० पासून कारखान्यांनी आपले नाव न घालता दोन-तीन छोटी अक्षरे ठोकावीत, असा हुकूम झाला. हेतू हा, की पकडलेल्या मालावरून शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये आणि त्यावर बॉम्ब पडू नयेत. ‘बी वाय एफ’ म्हणजे ओबरनडोर्फचा माउझर, ‘बी एन झेड’ म्हणजे ऑस्ट्रियातल्या श्टायर गावचा श्टायर-डायमलर-पुख, ‘डी ओ टी’ म्हणजे व्यापलेल्या चेक प्रदेशातला ब्रनोचा शस्त्रकारखाना. या संकेतांच्या याद्या युद्धानंतर उघड झाल्या. त्यामुळे जे लपवण्यासाठी केले होते, तेच आज ओळखीचे सर्वांत पक्के साधन झाले आहे.

अक्षरे नसली तर पदार्थ बोलतो. युद्ध लांबत गेले तसे जर्मनीला तांबे आणि पितळ मिळेना. पूर्वी पितळेचे असलेले भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आणि पत्र्याचे होऊ लागले. रबर बाहेरून येणे बंद झाले. त्याची जागा ‘बुना’ या कृत्रिम रबराने घेतली. रंगाचेही तसेच. सुरुवातीला गाड्या गडद राखाडी असत; १९४३च्या फेब्रुवारीपासून नव्या गाड्यांना गडद पिवळा रंग देण्याचा हुकूम निघाला. कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच गोल फिरवला, तर झाडाच्या खोडासारखी वलये उमटतात. वरती शेतकऱ्याने दिलेला हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली राखाडी, मग अस्तर. खालून वर वाचत गेलो की त्या भागाचे आयुष्य कळते. आणि संपूर्ण भाग एका झटक्यात खरवडला, तर ते आयुष्य जमिनीवर भुकटी होऊन पडते.

खुणांवर आंधळा विश्वासही ठेवू नये. केटनक्राड युद्ध संपल्यावर १९४९ पर्यंत शेतीसाठी बनतच होते. म्हणजे अस्सल असूनही युद्धातले नसलेले भाग मिळतात. एखाद्या भागावर ‘वेस्टर्न जर्मनी’ असे लिहिलेले असले तर तो युद्धातला असूच शकत नाही, कारण त्या नावाचा देश १९४९ साली झाला. आणि किंमत वाढावी म्हणून साध्या भागावर गरुड ठोकणारे महाभागही आहेत. ताजा ठसा ओळखण्याची एक खूण अशी, की खऱ्या ठशाच्या खोबणीतही बाजूइतकाच जुना गंज असतो. म्हणूनही गंज घाईने काढू नये.

वीस लिटरची गोष्ट

हे सारे एकाच वस्तूत पाहायचे तर जेरीकॅन पाहावा. आपल्याकडे हा शब्द प्लॅस्टिकच्या कॅनलाही सर्रास वापरतात. ‘जेरी’ म्हणजे ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत जर्मन माणूस. विमानतळापासून आघाडीपर्यंत इंधन वाहणारा हा पत्र्याचा डबा श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत व्हिन्झेन्झ ग्र्युनफोगेल या अभियंत्याने १९३७ साली साकारला. दोन दाबलेले अर्धे पत्रे मधोमध जोडलेले. अंगावर फुलीसारखी खोबण, त्यामुळे पत्रा मजबूत आणि उन्हात इंधन फुगले तरी फाटत नाही. वर तीन मुठी: भरलेला डबा दोघांनी मिळून उचलता येतो, रिकामे चार डबे एकटा माणूस दोन हातांत नेतो. तोंडाला खटक्याचे झाकण आणि आत हवेची नळी, म्हणून ओतताना डबडब आवाज करत सांडत नाही.

या डब्याच्या प्रवासाशी भारताचाही संबंध आहे. १९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाणी साठवायला काही नव्हते. सहकाऱ्याला बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरचा साठा ठाऊक होता. त्याने तिथून तीन डबे घेतले. सहकारी अर्ध्या वाटेतून जर्मनीला परत गेला, पण जाण्यापूर्वी त्याने डबा कसा बनवतात याचा तपशील प्लाइसला दिला. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोचला, तिथे मोटार ठेवून मायदेशी गेला आणि लष्कराला हा डबा दाखवायचा म्हणून पुढे त्याने ती कलकत्त्याहून मागवून घेतली. अमेरिकनांनी आपला डबा केला खरा, पण तळाची शिवण दुमडून आणि फिरकीचे झाकण लावून. आजही ओळख पटते ती याच फरकाने. मधोमध जोड आणि खटक्याचे झाकण असेल तर जर्मन घराणे, तळाशी दुमडलेली शिवण आणि फिरकीचे झाकण असेल तर अमेरिकन. मग पत्र्यावर उठवलेले वर्ष शोधायचे. पांढरी फुली रंगवलेली असेल, तर तो पाण्याचा. इतके वाचून झाल्याशिवाय त्याच्यावर नवा रंग मारणे म्हणजे कागद न वाचता रद्दीत घालणे.

घासण्याची रीत

आता दुरुस्तीकडे वळू. पहिले काम कॅमेऱ्याचे. वस्तू सापडली तशी, बाजूला मोजपट्टी ठेवून, सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत. तिरपा प्रकाश टाकला की बुजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. मग मापे, मग नोंद. हत्यार त्यानंतर.

जाम झालेल्या बोल्टवर जोर करू नये. पातळ तेल सोडून दिवसेंदिवस वाट पाहावी, थोडी ऊब द्यावी, पाना आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित हलवावा आणि मगच सोडावा. हे आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री सांगेल.

लोखंडाचा गंज उतरवायची एक सौम्य रीत आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यायचा. भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, लोखंडी पट्टी धन टोकाला. मंद विजेने गंज सुटून येतो आणि खालचे धड लोखंड, ठशांसकट, जागच्या जागी राहते. पण तीन पथ्ये आहेत. हे उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग या टबात कधीही घालू नये. गंज राहील बाजूला, भागच विरघळेल. वाळूचा जोरदार मारा करून भाग चकचकीत होतो खरा, पण त्याबरोबर बारीक ठसेही जातात.

जिथे गंज पूर्ण काढायचा नाही, तिथे टॅनिन लावतात. ही रसायनविद्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांचा तो संयोग. गंजावर टॅनिन लावले की तसाच काळा, टिकाऊ थर बनतो आणि गंज पुढे सरकायचा वेग मंदावतो.

जस्ताच्या ओतीव भागांना मात्र एक असाध्य रोग होतो. ओततानाच धातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर तो वर्षानुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांनी मोडतो. त्यावर उपाय नाही. मोडायच्या आत त्याचा साचा घ्यायचा, नवा भाग ओतायचा आणि त्यावर ‘नवीन’ अशी कायमची खूण करायची. ही खूण महत्त्वाची. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली इटलीत ट्युरिन इथे जी सनद स्वीकारली, तिचेही म्हणणे हेच. दुरुस्ती कमीत कमी, नोंद जास्तीत जास्त, आणि जुने कुठले व नवे कुठले हे ओळखू यावे.

काही धोके जिवाशी खेळणारे आहेत. त्या काळच्या उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकावे म्हणून रेडियम असलेला रंग लावत. आज तो चमकत नाही, म्हणून लोकांना निरुपद्रवी वाटतो. चमक देणारा पदार्थ थकला, रेडियम थकलेले नाही. त्याची निम्मी ताकद कमी व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. अशी काच उघडून रंग खरवडला, तर ती धूळ छातीत जाते. जुन्या रंगात शिसे, ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस, इंधनाच्या टाकीत शिसेयुक्त पेट्रोलचा साका. आणि जुन्या विमानतळांच्या जमिनीत न फुटलेले बॉम्ब आजही सापडतात. जर्मनीत परवानगीवाचून अशी शोधखणणी करणे हा गुन्हा आहेच, पण कायद्याच्या आधी तो जिवाचा प्रश्न आहे.

अक्षरांमागची माणसे

एवढा आटापिटा कशासाठी? चकचकीत केलेला भाग दिसायला सुंदर असतो, मग काय बिघडले? इथे आपण मुद्द्याशी येतो.

फोक्सवॅगनच्या ज्या कारखान्यात क्युबेलवागन बनली, तिथे युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना सक्तीने राबवले गेले. त्यांत पोलंड आणि सोव्हिएत संघातून पकडून आणलेले तरुण होते, स्त्रिया होत्या, युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदी होते. ‘बी एन झेड’ या अक्षरांमागे जो श्टायरचा कारखाना आहे, तिथे काम करण्यासाठी माउटहाउझेन छावणीचे कैदी आणले जात. लपवण्यासाठी ठोकलेल्या त्या तीन अक्षरांखाली केवळ पत्ता झाकलेला नव्हता. माणसेही झाकलेली होती. फोक्सवॅगनने आपल्या कारखान्यातल्या जुन्या बंकरमध्ये या सक्तमजुरांचे स्मारक उघडले, ते १९९९ साली. जर्मन सरकार आणि उद्योग यांनी मिळून २००० साली एक प्रतिष्ठान स्थापले आणि २००७ पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांना चारशे कोटी युरोंहून अधिक रक्कम दिली. तोवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ उलटला होता. कितीतरी जण वाट पाहतच गेले.

त्यामुळे ठसा घासून काढणारा माणूस फक्त गंज काढत नसतो. कोणत्या कारखान्यात, कोणत्या वर्षी ही वस्तू बनली, हे सांगणारी खूणही तो पुसत असतो. उलट बाजूही आहे. गरुडाच्या पंजातले स्वस्तिक पाहून कोणाला ते कानशीने काढावेसे वाटेल. ती भावना समजण्यासारखी आहे. जर्मनीत त्या चिन्हाचे जाहीर प्रदर्शन कायद्याने निषिद्ध आहे. शिक्षण, संशोधन, इतिहास यांसाठी अपवाद आहे. जाणते संग्राहक त्यातून मार्ग काढतात. मेळाव्यात चिन्ह झाकतात, पण घासत नाहीत. लाज वाटावी असा पुरावाही पुरावाच असतो.

बर्लिनमध्ये गाटोव येथे जर्मन लष्कराचे विमान संग्रहालय आहे, तेही एका जुन्या लष्करी विमानतळावर. आपल्याला तितके लांब जायला नको. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सामग्रीही पाहायला मिळते. पुढच्या वेळी गेलात तर समोर उभे राहून फोटो काढण्याआधी जरा वाका आणि धातूवरची अक्षरे शोधा.

आणि घरातही हे करून पाहा. माळ्यावरचे आजोबांचे शिवणयंत्र, पितळी स्टोव्ह, वाड्याचे जुने कुलूप, विहिरीवरचे बंद पडलेले इंजिन. दिवाळीच्या साफसफाईत चिंच आणि राख हातात घेण्यापूर्वी चष्मा घ्या. कुठे नाव असेल, कुठे साल, कुठे एखाद्या कारागिराने ठोकलेली खूण. आधी ते वहीत उतरवून ठेवा. घासायचे काय, ते नंतरही घासता येते.